किड्यांनी कोरलेल्या ठिणग्या

एकदा काय झालं, समुद्रापलीकडे जपान देशात राहायचा एक गेन्झो. तो लाकडावर चित्र कोरायचा, त्या ठशाला शाई लावायचा आणि वर कागद दाबायचा, की झालं चित्र तयार. त्याची बायको ओतोसे. ती बिचारी पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलेली. चिमे, पाय घे बघू पांघरुणात.

तिथल्या डोंगरावर एक देऊळ होतं. वर्षातून एकदा पुजारी भल्या मोठ्या मशाली घेऊन देवळाच्या सज्ज्यातून धावायचे. खाली नुसत्या ठिणग्या! ज्याच्या अंगावर ठिणगी पडेल त्याचं दुखणं पळालंच. भाजत नाही का, म्हणतोस? देवाची ठिणगी ती, भाजेल कशाला!

मग गेन्झोने बायकोला पाठीवर घेतलं. पण अर्ध्या पायऱ्यांतच तिला धाप लागली. आणली परत. मग एकटाच धावत वर गेला, मडक्यात निखारा घेऊन आला. घरी बघतो तर राख!

उत्सव संपला. पुढच्या उत्सवापर्यंत ही राहते की नाही, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना. मग म्हणाला, "अगं, मी तुला उत्सवाचं चित्रच करून देतो."

मशाली कोरल्या, लाल शाईत छापल्या. आता हवी काळी रात्र, आणि प्रत्येक रंगाला फळी वेगळी. रात्रीसाठी ओतोसेच्या उशाशी जपून ठेवलेली फळी काढली, तर काय! किड्यांनी पार चाळण केलेली.

"घाला चुलीत!" गेन्झो ओरडला.

"अहो, थांबा. एकदा छापून तर बघा," ओतोसे म्हणाली. "इतके दिवस या किड्यांचं कुरतडणं ऐकतेय मी. बघू दे तरी, काय करत होते ते."

"ऐकू येत होतं आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही दिवसभर कामात. मला तेवढीच सोबत होती हो."

गेन्झोने फळी पुसली. शाई लावली, मशाली छापलेला कागद वर दाबला, उचलला. जिथे भोक, तिथे शाई लागलीच नाही, कागद पांढराच राहिला. काळ्या रात्रीत ठिणग्याच ठिणग्या!

"अगंबाई!" ओतोसेने हात पुढे केला. आणि मग, बरं का, एक ठिणगी हलली. कागदावरून सुटली आणि टपकन तिच्या तळहातावर पडली. कोमट होती, कोंबडीने नुकत्याच घातलेल्या अंड्यासारखी. कागदावर ती जागा काळी झाली.

ओतोसेने त्या दिवशी पोटभर भात खाल्ला. पुढच्या वर्षी आपल्या पायांनी डोंगर चढली. धाप लागली ती गेन्झोला!

आणि किडे? विचारणार, माहीत होतं मला. गेन्झोने त्यांना नवी फळी दिली. कुठे? ओतोसेच्या उशाशीच. रोज काम लवकर आटोपून तोही तिथे येऊन बसायचा, आणि दोघं मिळून ऐकायची. सगळी सुखात राहिली, किडेसुद्धा. आता तुमची चुळबुळ पुरे. मिटा डोळे.