जानेवारीतला वेग

"पाच पॉइंट एक गिगाहर्ट्झ झालाय, सर. आता पॉइंट दोन करू, की एकदम तीन?"

रेवती ताजनेने खोब्रागडे सरांच्या ओट्यावर पाय ठेवता ठेवताच विचारले. कॉम्प्युटरचा डबा तिने रिक्षातून लेकरासारखा मांडीवर घेऊन आणला होता.

खोब्रागडे सर चंद्रपूरच्या आयटीआयमधून निवृत्त झालेले. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवायचा आणि तरी जळू द्यायचा नाही, ही विद्या गावात त्यांच्याइतकी कुणाला येत नव्हती. रेवती ती त्यांच्याकडेच शिकली. वेग एकेक पायरी चढवायचा, व्होल्टेज जरासेच वाढवायचे, दर पायरीवर मशीन कामाला जुंपून तापमान बघायचे. सगळे तिला तोंडपाठ होते. तोंडपाठ असणाऱ्याला असते तेवढी घमेंडही होती.

तिला वेग हवा होता तो मिरवायला नव्हे. निदान नुसता मिरवायला नव्हे. पुण्याच्या एका आर्किटेक्टने तिला एका इमारतीची फिल्म करायला दिली होती, इमारत उभी राहण्याआधीच तिच्यातून फिरवून आणणारी. मुदत मेअखेरची. फिल्म वेळेत गेली तर घरी बसून कायमचे काम मिळणार होते. नाही तर आईला एकटीला मागे ठेवून पुण्यात नोकरी धरायची, हे ठरलेले होते. मशीनही एकच. ते गेले तर सगळेच गेले.

"टेस्ट केली?" सरांनी विचारले.

"सहा तास. अठ्ठ्याहत्तर अंशांच्या वर गेलाच नाही."

"कधी केली?"

"काल."

जानेवारी चालू होता. सरांच्या अंगावर शाल होती, रेवतीच्या अंगात स्वेटर...

मग ते उठले, शाल खुंटीला अडकवली आणि डबा उचलून चालू लागले. रेवतीला म्हणाले, आतला मॉनिटर तू घे.

गल्लीच्या पलीकडे सुगंधाबाईंची फुटाण्यांची भट्टी होती. कढईतल्या तापल्या वाळूत हरभरे तडतडत होते. सरांनी मागच्या खोलीतले एक पोते बाजूला सारून डबा मांडला. भिंतीवरच्या तापमापीत पारा त्रेचाळीसवर होता. सुगंधाबाईंनी एकदा डब्याकडे पाहिले, एकदा सरांकडे पाहिले आणि पुन्हा झारा हातात घेतला. सरांचे वेड त्यांना नवे नव्हते.

"सर, अशा जागी कुणी कॉम्प्युटर ठेवतं का?"

"मे महिन्यात अख्खं चंद्रपूर ठेवते, बापा. लाव टेस्ट."

रेवतीने टेस्ट लावली. ऐंशी झाले. नव्वद झाले. तिने स्वेटर काढला. एकोणिसाव्या मिनिटाला आकडा नव्याण्णववर गेला आणि पडदा काळा झाला.

पुणे, भाड्याची खोली, फोनवरची आई, सगळे रेवतीला त्या काळ्या पडद्यात दिसले. मशीन थंड होऊन पुन्हा चालू होईपर्यंत ती खाली बसूनच राहिली. ते चालू झाले तेव्हा तिने हळूच विचारले,

"म्हणजे माझा आकडा खोटा होता, सर?"

"खरा हाय." सर म्हणाले. "जानेवारीचा हाय."

त्यानंतर सरांनी तिलाच एकेक पायरी उतरायला लावली. वेगही कमी, व्होल्टेजही कमी. चार पॉइंट सातवर मशीन त्या भट्टीच्या धगीत तीन तास चालले आणि ब्याऐंशीवर टिकले. सरांनी पुरे म्हटले. रेवतीने तोंड फुगवून डबा घरी नेला. चार पायऱ्या गेल्या म्हणून ती आठवडाभर चिडलेली होती.

मग मे आला. पारा सत्तेचाळीसवर गेला. कूलर गरम वारा फेकू लागला. मशीन तेवीस दिवस अहोरात्र त्या फिल्मची चित्रे काढत होते आणि एकदाही अडखळले नाही. अठ्ठावीस तारखेला फिल्म पुण्याला गेली. तीस तारखेला फोन आला, की पुढचे काम पाठवतो, तिथूनच कर.

रेवती सरांकडे गेली ती सुगंधाबाईंकडचा फुटाण्यांचा पुडा घेऊन. पुडा पुढे ठेवून ती वाकली आणि बराच वेळ उठलीच नाही.

"त्या दिवशी तुम्ही डबा उचलला नसता, सर, तर आज मी पुण्याच्या गाडीत असते. आणि आई दारात." पुड्याकडे बघतच ती पुढे म्हणाली, "तेव्हा मी तुमच्यावर चिडले होते. तेही सांगायला आले."

सरांनी पुडा सोडला. एक मूठ तिच्या ओंजळीत घातली, एक स्वतः घेतली.

दोघे फुटाणे खात बसले...

शिष्य शेवटी शिष्यच. डोळे पुसून झाल्यावर रेवतीला राहवले नाही.

"एक विचारू, सर? मशीन पाच पॉइंट एकपर्यंत जाऊ शकत होतं. आपण चार पॉइंट सातवरच थांबलो. मधलं ते सगळं नुसतं पडून राहिलं ना?"

सर फुटाण्याची साल फुंकत होते. ते थांबले.

"पडून?... मेच्या उन्हात तेवीस दिवस तेच तर पळत होतं."