पहिल्या पाळीचा हर्षल

"पण सर, माझी निवड चुकली की नाही? एवढंच सांगा."

देवतळे सर बाकावर बसून बॉलमध्ये हवा भरत होते. पंपाचा आवाज तेवढा चालू होता.

विचारणारा नितेश काळमेघ. नागपुरातल्या याच सिमेंटच्या कोर्टवर सरांच्या हाताखाली शिकलेला. आता पुण्याच्या एका व्यावसायिक बास्केटबॉल संघासाठी नवे खेळाडू हेरण्याची नोकरी करतो. हेरतो चांगलं, आणि आपण चांगलं हेरतो हे त्याला पुरेपूर ठाऊकही आहे. सरांसमोर गॉगल डोक्यावर चढवून उभा राहणारा आम्हा जुन्या विद्यार्थ्यांत तोच एक.

त्यांच्या लीगमध्ये दर वर्षी ड्राफ्ट होतो. म्हणजे सगळ्या संघांनी आळीपाळीनं एकेक नवा खेळाडू उचलायचा. दोन वर्षांपूर्वी पहिली पाळी नितेशच्या संघाची आली. त्यानं गोंदियाकडचा हर्षल ठवरे उचलला. पोरगा उंच, अंगानं दांडगा, रिंगखाली उभा राहिला की कोणाच्या बापाच्यानं हलायचा नाही. त्याच्या मागोमाग दुसऱ्या संघानं सांगलीचा इम्रान शिकलगार घेतला.

आज इम्रानच्या नावानं स्टेडियम दणाणतं. हर्षल खांद्यावर टॉवेल टाकून बाकावर बसतो.

"लोक तोंडावर हसतात, सर."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? इम्रान समोर होता, आणि मी हर्षलला उचललं! उद्या मालकांकडे मीटिंग आहे. त्याला ठेवायचं की सोडायचं, ते माझ्या शब्दावर आहे. सोडा म्हटलं तर पोराचा खेळ संपला, नोकरी सोडून आलाय तो. ठेवा म्हटलं तर म्हणतील, काळमेघ स्वतःची चूक झाकतोय."

"हं..."

सर पंप मारत राहिले. मग मान वर न करताच त्यांनी विचारलं, "खेळतो कुठून तो?"

"कोच त्याला बाहेर कोपऱ्यात उभा करतात. लांबून बास्केट मारायला."

"तू उचलला तेव्हा?"

"तेव्हा आत खेळायचा. रिंगखाली."

"मग कोचला बोललास?"

"ते माझं काम नाही ना, सर. मी निवडायचं. निवडला, त्यांच्या हवाली केला, विषय संपला."

हे तो इतकं सहज म्हणाला की मला रागच आला. अरे, माणूस आहे की कुरिअरचं पाकीट? पण सरांसमोर आपण कशाला तोंड घालायचं.

सरांनी अंगठ्यानं बॉल दाबून पाहिला. पंप बाजूला ठेवला. गुडघ्यावर हात टेकत उठले आणि कोर्टवर गेले.

"ये. समोर उभा राहा."

नितेश कोर्टवर जाऊन उभा राहिला. सरांनी छातीतून सरळ पास टाकला. या वयातही त्यांचा पास बघत राहावा असाच असतो. तेवढ्यात नितेशच्या खिशातला फोन वाजला. त्यानं खाली पाहिलं, आणि बॉल धपकन त्याच्या छातीवर आदळला. घरंगळत पार भिंतीपाशी गेला.

"पास कसा होता?"

"माझं लक्ष नव्हतं, सर."

"मी तुझ्या लक्षाचं नाही विचारलं."

"...चांगला होता."

"फोन कोणाचा?"

नितेश घुटमळला. "हर्षलचा. सकाळपासून करतोय."

"आणि तू?"

"काय बोलू त्याच्याशी? एकदा निर्णय होऊ दे, मग बोलतो."

सरांनी भिंतीपाशी जाऊन स्वतःच बॉल उचलला, आणि तिथूनच, न सांगता, भिरकावला. काय तो पास! खाली, आडवा, भलतीकडेच. नितेशनं झेप घेतली. गॉगल उडाला, तळहात सिमेंटवर खरवडला, पण रेषेच्या बाहेर जाता जाता बॉल त्यानं दोन्ही हातांत धरला.

"अरे वा रे पठ्ठे!" आम्ही बाकावरून ओरडलो. राग विसरून मीसुद्धा ओरडलो.

तो उठला. तळहातातून रक्त येत होतं आणि गडी हसत होता. कॉलेजात असताना हसायचा तसा.

"हा कसा होता?" सरांनी विचारलं.

"भिकार होता, सर!" तो म्हणाला. "पण सोडला नाही."

सर नुसते बघत राहिले.

हळूहळू नितेशचं हसू उतरलं. तो हातातल्या बॉलकडे पाहू लागला.

"सर," तो म्हणाला, "पण हर्षलला खरंच जमत नसेल तर?"

"नसेल."

"रिंगखाली खेळवूनही नाही जमलं तर?"

"नाही जमणार."

"मग माझी निवड चुकलीच ना?"

"चुकली असेल."

नितेश वैतागला. "असं काय करता, सर? मला आज रात्रीची गाडी आहे. उद्या त्या पोराबद्दल काहीतरी एक सांगावं लागेल. निवड यशस्वी की फेल? एक शब्द द्या मला!"

सर बाकाकडे निघाले होते. ते थांबले, मागे वळले.

"बॉल हातात धरून पास कसा होता, हे मलाच काय विचारतोस, लेका? खेळ की आता!"