टिटवीचं अंडं आणि तापलेला कातळ

समुद्राकाठी उघडा, खडकाळ सडा होता. सड्यावर काळा कातळ होता. कातळावर टिटवीचं अंडं होतं. अंड्यावर करवंदीच्या झुडपाची सावली होती.

एके दुपारी धाकू आजा आला. खच्! खच्! कुंपणासाठी झुडूप तोडून नेलं.

सावली गेली. अंडं उन्हात पडलं.

टिटवी घाबरली. "कातळा, कातळा, निव! अंडं वाचेना!"

कातळ म्हणाला, "मी काळा. ऊन पितो, पोटात धरून ठेवतो. पाणी पडेल, तर निवेन."

तुरु तुरु तुरु. टिटवी आजाच्या झोपडीबाहेरच्या मडक्याकडे गेली.

"मडक्या, मडक्या, चल! कातळ निवेना, अंडं वाचेना!"

मडकं म्हणालं, "पाणी आहे, गार आहे. पण मला पाय नाहीत. आजा उचलेल, तर येईन."

तुरु तुरु तुरु. टिटवी झोपडीत गेली.

"आजा, आजा, ऊठ! मडकं हलेना, कातळ निवेना, अंडं वाचेना!"

आजा खेकसला, "भर दुपारी काय कोकलतेस गो? वाट तापलीय. पाय भाजतील. वाटेवर पेंढा पसरेल, तर उठेन."

"आजा, सावली तूच नेलीस."

आजाने तोंड फिरवलं.

तुरु तुरु तुरु. टिटवी झोपडीमागच्या पेंढ्याकडे गेली.

"पेंढ्या, पेंढ्या, पसर! आजा उठेना, मडकं हलेना, कातळ निवेना, अंडं वाचेना!"

पेंढा म्हणाला, "माझा चटका बसत नाही. पण माझ्यावर पत्रा आहे. पत्रा सरकेल, तर पसरेन."

"पत्र्या, पत्र्या, सरक! पेंढा पसरेना, आजा उठेना, मडकं हलेना, कातळ निवेना, अंडं वाचेना!"

पत्रा तडतडला, "मी झटकन तापतो, झटकन निवतो. पण आपला आपण हलत नाही. वारा ढकलेल, तर सरकेन."

टिटवी कातळावर आली. पाय पोळले! आता वेळ नव्हता.

भुर्रर्र! टिटवी समुद्रावर गेली.

"वाऱ्या, वाऱ्या, ये! पत्रा सरकेना, पेंढा पसरेना, आजा उठेना, मडकं हलेना, कातळ निवेना, अंडं वाचेना!"

वारा म्हणाला, "कातळ तापला?"

"तापला!"

"सगळा सडा तापला?"

"तापला, तापला!"

"समुद्र अजून गार आहे. जमीन अशी तापली, की मी निघतोच."

सूं सूं सूं!

वारा सुटला. पत्रा सरकला. पेंढा पसरला. आजा उठला. मडकं हललं. अंड्याभोवती पाणी पडलं. चर्रर्र! कातळ निवला.

टिटवीने अंड्याला कान लावला. काहीच नाही. आजाही वाकला. काहीच नाही.

मग आतून आलं, टुक. टुक.

आजा कुंपणाकडे गेला. कुंपणातली मोठी फांदी उपसून आणली. कातळाच्या भेगेत रोवली.

"ही घे तुझी सावली," म्हणाला. "आता कोकलू नकोस."

टिटवी अंड्यावर बसली.

कातळ निवला, गोष्ट निवली.