घडी सुटली नाही

फार वर्षांपूर्वी एका पोस्टमनच्या पिशवीत एक पोस्टकार्ड आणि एक निळं आंतरदेशीय पत्र शेजारी शेजारी चालली होती. पोस्टकार्ड वाटेत चौघांनी वाचलं होतं, आणि त्याचं त्याला भारी कौतुक.

"तुझ्या पोटात काय आहे? मला तरी सांग," ते म्हणालं.

"माझ्यावर ज्याचं नाव आहे, त्या भानुदासाचं ते आहे," आंतरदेशीय म्हणालं.

वाटेतल्या दुकानदारानं टपाल चाळलं. पाठवणारीचं नाव, गोदावरी, वाचून तो चमकला. "ही तर आमची वहिनी! माहेरी काय कळवते बघू." त्यानं घडीत नख घातलं. पत्र घाबरलं, पण गोदावरीनं भाताच्या शितांनी चिकटवलेली कड त्यानं घट्ट धरून ठेवली. कोपरा फाटला, घडी सुटली नाही.

"राहू द्या शेठ, ज्याचं त्याला मिळू दे," म्हणत पोस्टमननं पत्र काढून घेतलं.

संध्याकाळी भानुदासानं ते उघडलं. आत दोनच ओळी होत्या. 'दादा, इथे मला मारतात. घ्यायला ये, पण आधी कुणाला कळू देऊ नकोस.'

"काय लिहिलंय वन्संनी?" बायकोनं विचारलं.

भानुदासानं पत्र पुन्हा घडी घालून खिशात ठेवलं.

"मी गाडी जुंपतो," तो म्हणाला. "तू गोदाचं अंथरूण काढून ठेव."