गाठ्या लव्हाळा

"बाबा, यातला गाठ्या कुठला आणि साधा कुठला?"

सोपाननाथांच्या पुढ्यात वैजयंताने कागद पसरला. त्यावर चिकटवलेल्या दोन काड्या सात वर्षं वाळून गवताच्या रंगाच्या झाल्या होत्या.

म्हातारे गोसावी मठाच्या ओट्यावर बसले होते. त्यांना आता फारसं दिसत नसे. त्यांनी कागदावरून बोट फिरवलं.

"चपटं झालंय सगळं," ते म्हणाले. "यातून नाही कळायचं."

वैजयंता वनस्पतिशास्त्राची. सात वर्षांपूर्वी एक पावसाळाभर ती याच मठात राहिली होती. समोरच्या तळ्यात दोन जातींचे लव्हाळे आहेत, असं बाबा सांगायचे. दोन्ही बिनपानांचे, नुसत्या हिरव्या नळ्या. शेजारी शेजारी वाढायचे. साधा लव्हाळा मैलोन् मैल कुठेही सापडायचा. गाठ्या फक्त या तळ्यात.

तेव्हा बाबा तिला म्हणाले होते, "पाण्यात उतर. डोळे मीट. काडी चिमटीत धर आणि बोटं वर ओढत ने."

ती हसली होती. "बाबा, आम्ही फुलोरा बघून ठरवतो. भिंगाखाली."

बाबांनी पुन्हा कधी सांगितलं नाही.

मागच्या वर्षी तळ्यावरून रस्ता न्यायचं ठरलं आणि पाहणीचं काम तिच्याकडे आलं. ती ऐन मे महिन्यात आली. फुलोरा नव्हता. चिखल गुडघाभर होता, आणि तिला संध्याकाळची गाडी गाठायची होती. तिने बांधावरूनच पाहिलं आणि लिहिलं, 'एकच जात. सर्वत्र आढळणारी.' खाली सही केली.

मठातही डोकावली नाही.

परवा जुने कागद चाळताना तिला हा कागद दिसला. तिच्याच हाताने दोन काड्यांखाली एकच नाव लिहिलेलं. एका काडीवर बारीक आडव्या रेषा होत्या... की वाळल्यामुळे पडलेल्या सुरकुत्या? दोन रात्री तिचा डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी तिने इथली एस.टी. धरली.

आता समोर तळं नव्हतं. लाल मुरुमाचा सपाट पट्टा होता, आणि त्यावर एक रोलर उभा होता.

"बाबा, कुठेतरी राहिला असेल ना? एखाद्या कडेला?"

सोपाननाथ काठी टेकत उठले. ती त्यांच्यामागून गेली. मठामागे हातपंप होता, त्याच्याखाली दगडी डोणी. तळाशी ओंजळभर चिखल, आणि त्यात एकच हिरवी काडी उभी होती.

"भराव पडला त्या दिवशी मुळासकट आणून लावला," ते म्हणाले. "जुडगा होता. आता पंपाला पाणी येत नाही. मी कळशी आणून ओततो... पण याला तळं लागतं."

वैजयंता डोणीपाशी गुडघ्यांवर बसली. काडीला हात लावायचा तिला धीर होईना.

बाबांनी वाकून चाचपलं, काडी बुडाशी धरली आणि कट्‌कन तोडली.

"बाबा!"

"आठ दिवसांत सुकणारच होती." त्यांनी काडी तिच्या हातात दिली. "ओढ."

तिने डोळे मिटले. काडी चिमटीत धरली आणि बोटं हळूच वर ओढत नेली.

बोटाखाली गाठ लागली. मग पोकळी. पुन्हा गाठ. पुन्हा पोकळी. पुन्हा गाठ... शेंड्यापर्यंत.

किती सोपं होतं! लहान पोराला कळलं असतं. बांधावरून चार पावलं खाली उतरली असती, तर तिलाही कळलं असतं.

ती तिथेच बसून रडू लागली. बाबांनी तिला गप्प केलं नाही. बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं.

"मी परत लिहीन. चुकले म्हणून सगळ्यांना कळवीन."

"लिही."

"त्याने तळं परत येईल का?"

"नाही."

पलीकडे रोलर सुरू झाला. त्याचा आवाज पायाखालच्या फरशीतून जाणवत होता.

"बाबा, मला काहीतरी बोला. रागवा. हाकलून द्या."

त्यांनी काठी डोणीला टेकवून ठेवली.

"निदान शिक्षा तरी सांगा... काहीही सांगा, मी करीन."

सोपाननाथांनी तिच्या मुठीवर हात ठेवला. काडी तिच्या मुठीत चुरगळली होती.

"आता ओळखता येतो ना तुला गाठ्या?"

"येतो, बाबा."

"कधी विसरशील?"

"नाही."

"मग आणखी कसली शिक्षा मागतेस, पोरी?"