बागेला कमान, बाक नाही

बाग सुधारायची म्हणून नगरपालिकेनं घरपट्टी वाढवली, आणि त्या पैशातून नगराध्यक्ष दौलतरावांनी बागेला स्वतःच्या नावाची कमान उभारली. बाक मात्र एकही नाही. द्वारकाबाईंच्या नवऱ्याचे गुडघे गेलेले. बिचारा काठी टेकत बागेपर्यंत यायचा, अन् टेकायला जागा नाही म्हणून तसाच माघारी फिरायचा.

उद्घाटनाला द्वारकाबाई नवऱ्याचा हात धरून कमानीखालीच थांबल्या.

"या की आजी, आत या," दौलतराव म्हणाले.

"दारावर नाव तुमचं, म्हणजे घर तुमचं, साहेब. आम्ही पाहुणे. आत आलेल्या पाहुण्याला पहिलं काय म्हणतात, तेवढं म्हणा, म्हणजे येतो."

'बसा' हा शब्द दौलतरावांच्या ओठांवर आला अन् तिथंच अडकला.

महिना सरायच्या आत कडुनिंबाखाली बाक आला. म्हातारा त्यावर टेकला, शेजारची जागा उपरण्यानं झटकली आणि बायकोला म्हणाला, "बसा, पाहुणे."