चांदी म्हशीची पळी

फार जुनी गोष्ट. तेव्हा जनावरं आपली शेती आपणच करायची. ओढ्याकाठच्या ज्वारीला शेणखत घालायचं काम चांदी म्हशीकडे होतं. "माझ्याकडे दुजाभाव नाही," म्हणत ती रानभर सारखंच खत टाकायची. तरी ओढ्याकडची ज्वारी माजून लोळायची आणि माळाकडची पिवळी पडायची. चांदी हिरमुसायची.

सुगीच्या पंगतीत तिने खीरही तशीच वाढली, प्रत्येकाला एकेक पळी. हत्तीची जीभसुद्धा ओली झाली नाही आणि मुंगी मात्र खिरीत गटांगळ्या खाऊ लागली. तिला काडीने बाहेर काढताना चांदीला एकदम रान आठवलं. "अगं बाई! कुठे किती हवं, हे रानाला मी कधी विचारलंच नाही!"

पुढच्या पेरणीआधी चांदीच्या सांगण्यावरून गांडुळांनी आतून माती चाखली. जिथे ती अळणी लागली तिथे त्यांनी डोकी वर काढली आणि टिटवीने तिथे पांढरा खडा ठेवला. झाडावरून सगळं रान ठिपक्यांच्या रांगोळीसारखं दिसू लागलं. चांदीने खड्यांपाशीच खत टाकलं. ज्वारी एकसारखी डोलली, वर अर्धा उकिरडा शिल्लक राहिला!

त्या सुगीला चांदी पळी घेऊन आधी मुंगीपाशी वाकली. "ताई, थेंबभर वाढू की अर्धाच?"

मुंगी खुदकन हसली. "आज दोन वाढ गं, भूक लागलीय!"